ओशोग्बो : बाजारातला बार आणि नदीकाठचं रान

मित्रहो, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘आफ्रिकेची कला आणि समाजजोडणी’. आफ्रिकेत 54 देश. एकट्या नायजेरियातल्या भाषा मोजायला बसलं तर आकडा पाचशेच्या आसपास जातो. तासाभरात हे सगळं उरकणारा वक्ता तुम्हाला मिळेलही, पण तो मी नव्हे. शिवाय ‘आफ्रिकी संस्कृती’ या नावाखाली आपल्यापुढे जे येतं, ते ठरलेलं असतं : एक मुखवटा, एक ढोल, रंग फासलेले चेहरे आणि मागे मावळतीचा सूर्य. सूर्य तर सगळीकडेच मावळतो.

काहींची अपेक्षा होती की मी आपल्याकडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींबद्दल बोलावं. मी मुद्दाम ते टाळतोय. सिद्दींमध्ये बोलणारी, लिहिणारी, नाटक करणारी माणसं आहेत. त्यांना बोलवा आणि मला त्या दिवशी पहिल्या रांगेत खुर्ची द्या.

आज मी एकाच शहरात थांबणार आहे. ओशोग्बो. नैऋत्य नायजेरियात, इबादानच्या ईशान्येला, योरुबा लोकांच्या मुलखात. 1991 पासून ओशुन राज्याची राजधानी. लागोसहून निघालेली रेल्वे 1907 साली इथे पोहोचली आणि गाव व्यापारी पेठ झालं. कोको, ताडतेल, कापड, कोलानट. मुसलमान बहुसंख्य, ख्रिस्ती बरेच, आणि जुन्या देवदेवतांना मानणारेही, कधी उघड तर कधी घरातल्या घरात. हे शहर मी निवडलं कारण इथे एका पिढीच्या काळात दोन गोष्टी घडल्या. बाजारातल्या एका बारमध्ये चित्रकार तयार झाले आणि नदीकाठचं एक देवाचं रान तुटता तुटता वाचलं. दोन्हींत माणसं जोडली गेली. कशी, एवढंच आज बघायचंय.

उत्सव केला की समाज एकत्र येतो, हे आपण धरूनच चालतो. मला ते पटत नाही. उत्सवाच्या दिवशी गर्दी जमते. लोक येतात, बघतात, खातात, जातात. एकत्र यायचं ते त्याच्या आधी येतात, जेव्हा कुणाला पडदा शिवायचा असतो, कुणाला वायर ओढायची असते, कुणाला भिंत लिंपायची असते आणि त्यावरून भांडण लागलेलं असतं. ज्याच्या हाताला त्या कामात जागा मिळाली तो त्या समाजात आला. बाकीचे प्रेक्षक. ओशोग्बोत हे फार स्वच्छ दिसतं.

सुरुवात एका चर्चमधल्या वादापासून करू.

1961 साल. डुरो लाडिपो नावाचे एक शाळामास्तर. घर चर्चवालं, वडील धर्मोपदेशक. लाडिपोंनी ईस्टरसाठी एक संगीतरचना बसवली आणि ओशोग्बोच्या चर्चमध्ये ती सादर करताना साथीला योरुबा ढोल घेतले. चर्चमध्ये खळबळ उडाली. ढोल म्हणजे जुन्या देवांचं वाद्य, ते वेदीसमोर कसं चालेल? वाद इतका वाढला की लाडिपोंना आपलं संगीत चर्चच्या बाहेर न्यावं लागलं.

हा वाद समजायचा तर तो ढोल समजून घ्यायला हवा. योरुबा ही स्वरांची भाषा. उंच, मध्यम आणि खालचा असे तीन स्वर. तेच अक्षर वेगळ्या स्वरात म्हटलं की अर्थ पार बदलतो. मिशनऱ्यांनी इंग्रजी स्तोत्रांची योरुबात भाषांतरं केली आणि ती मूळ इंग्रजी चालींवर बसवली. चाल वर गेली की शब्द वर, चाल खाली आली की शब्द खाली. शब्दांचा स्वर चालीत वाहून गेला. लोक वर्षानुवर्षं भक्तिभावाने जे गात होते त्यातल्या कित्येक ओळींना ऐकणाऱ्याच्या कानात भलताच अर्थ येत होता, किंवा काहीच येत नव्हता. लाडिपोंनी उलटं केलं. चाल शब्दांच्या स्वरातून काढली, आणि मग ढोल घेणं ओघाने आलंच.

कारण तो ढोल बोलतो. डुन्डुन म्हणतात त्याला. आकार डमरूसारखा, दोन्ही तोंडांना पातळ कातडं, आणि एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत ओढलेल्या चामड्याच्या वाद्या. वादक तो खांद्याला अडकवतो, कुशीत धरतो आणि वाद्या हाताने दाबतो. दाबल्या की कातडं ताणलं जातं, आवाज चढतो. सोडल्या की उतरतो. दुसऱ्या हातात वाकड्या चोचीची काठी. जथ्यातल्या मुख्य ढोलाला ‘इयाआलू’, म्हणजे आई-ढोल म्हणतात. त्याच्या कडेला पितळेच्या छोट्या घंटा असतात. या आईने वाक्य टाकायचं, बाकीच्या ढोलांनी ठेका धरायचा. ढोलातून व्यंजन निघत नाही, फक्त स्वरांची चढउतार निघते. मग ऐकणाऱ्याला कळतं कसं? वादक सुटे शब्द वाजवत नाही म्हणून. तो ठरलेली लांबलचक वाक्यं वाजवतो, म्हणी वाजवतो, आणि मुख्य म्हणजे ‘ओरिकी’ वाजवतो, म्हणजे त्या त्या माणसाची, घराण्याची, गावाची बिरुदावली. बाजारातून एखादा चालला असेल तर ढोलवाला त्याच्या पणजोबापासून सुरुवात करतो. ज्याचं कौतुक चाललंय त्याचे पाय थबकतात, तो दोन पावलं नाचतो आणि एक नोट ढोलवाल्याच्या कपाळाला चिकटवतो.

आता सांगा, ज्या वाद्याला गावातल्या प्रत्येक घराण्याचं मूळ पाठ आहे, ते चर्चच्या दाराबाहेर ठेवलं म्हणजे माणसाचं केवढं काय बाहेर राहिलं? वाद देवांचा होता तेवढाच तो या ओळखीचाही होता.

लाडिपोंना त्या वेळी एक पाठीराखा भेटला. उली बायर. जर्मन, जन्म 1922चा, ज्यू वडिलांचा मुलगा. 1950 मध्ये इबादानच्या विद्यापीठात आला आणि पुढे बहिःशाल विभागाकडे वळला. म्हणजे वर्गात शिकवायचं सोडून गावोगाव फिरून मोठ्या माणसांना शिकवायचं. हा माणूस शिकवण्यापेक्षा ऐकत जास्त बसला, असं माझं मत. 1961 साली इबादानमध्ये लेखक-कलावंतांनी एक क्लब काढला. नाटककार वोले शोयिंका त्यात होते, कादंबरीकार चिनुआ अचेबेही होते. क्लबचं नाव ‘म्बारी’, ते सुचवलं अचेबेंनी. नायजेरियाच्या आग्नेयेकडच्या इग्बो लोकांकडे भूमाता अला हिच्यासाठी मातीची एक मोठी वास्तू बांधायची रीत होती, ती म्हणजे म्बारी. गावातले निवडक स्त्री-पुरुष कुंपणाच्या आत राहून कित्येक महिने, कधी त्याहून जास्त काळ, ती घडवायचे. देवी, प्राणी, शिपाई, गोरा साहेब, बाळंत होणारी बाई, जे जे गावाला माहीत ते सगळं मातीत. पूर्ण झाली की कुंपण काढायचं, मेजवानी, नाच. आणि मग ती वास्तू तशीच सोडून द्यायची. डागडुजी करायची नाही. पावसाने मोडली की मोडली. पुन्हा गरज पडली तर पुढची पिढी नवी बांधेल. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला लागणार आहे.

इबादानचा क्लब विद्यापीठवाल्यांचा राहिला. बायर आणि लाडिपो यांनी 1962 मध्ये तसंच काहीतरी ओशोग्बोत काढलं, पण जागा निवडली लाडिपोंचा स्वतःचा ‘पॉप्युलर बार’. अगदी रहदारीतला. इबादानचं इग्बो नाव ओशोग्बोच्या बाजारकरणींच्या तोंडी योरुबा होऊन ‘म्बारी म्बायो’ झालं, आणि तेच पाटीवर लागलं. कलादालन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जी शांतता येते तिचा इथे पत्ताच नव्हता. चित्रं लावली की बाजारातून परतणाऱ्या बायका डोक्यावरचं ओझं न उतरवता आत शिरून बघायच्या, पोरं मध्ये पळायची. आणि रात्री त्याच जागेत नाटकाची तालीम.

लाडिपोंच्या नाटकांतलं सगळ्यात गाजलं ते ‘ओबा कोसो’, 1963चं. ओयो या जुन्या योरुबा राज्याचा राजा शांगो, त्याचे दोन सेनापती टिमी आणि ग्बोंका. दोघेही डोईजड झालेले. राजा टिमीला एडे गावी पाठवतो, मग त्याला आणायला ग्बोंकाला पाठवतो, या आशेने की दोघं एकमेकांना संपवतील. तसं होत नाही. ग्बोंका जिंकतो आणि उलटून राजावरच येतो. राजाच्या हातून नको ते घडतं, लोक पाठ फिरवतात, बायको ओयासुद्धा निघून जाते, राजा गळफास घेतो. आणि तिथेच तो देव होतो, विजेचा, गडगडाटाचा. नाटकाच्या नावाचा अर्थच ‘राजाने फास घेतला नाही’. भक्त असं म्हणतात, आणि म्हणताना त्यांना माहीत असतं काय झालं ते. लाडिपो स्वतः शांगो व्हायचे, केसांच्या बायकी वेण्या घातलेल्या, कारण शांगोचे पुजारी तशाच घालतात. ओयाच्या भूमिकेत त्यांच्या पत्नी अबियोदुन. हे नाटक 1964 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलं, पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये झालं. बर्लिनकरांना योरुबा येत नव्हतं. ओशोग्बोकरांना मात्र एडे गाव बसच्या अंतरावर होतं आणि तिथला त्या वेळचा राजा, म्हणजे त्याच टिमीच्या गादीवरचा माणूस, स्वतः पट्टीचा ढोलवादक होता. नाटक बघताना आपल्या शेजारच्या गावची भानगड चाललीय, असंच त्यांना वाटत असणार.

जाता जाता सांगतो, योरुबा मुलखात तेव्हा फिरत्या नाटक कंपन्यांचं पेवच फुटलं होतं. आपल्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांसारखं सगळं : ट्रकमध्ये सामान, गावोगाव मुक्काम, मालक हाच नायक. ह्यूबर्ट ओगुंडे हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. 1964 मध्ये त्यांनी नाटकातून राज्यकर्त्यांना चिमटे काढले तर पश्चिम प्रांताच्या सरकारने त्यांच्या कंपनीवर बंदीच घातली. ती 1966 पर्यंत चालली. कलेने समाज जोडला जातो म्हणतात, पण जोडलेल्या समाजाची सरकारला भीतीही वाटते. असो.

तर लाडिपोंची कंपनी. नाटक कंपनीला नट लागतात तशी इतर माणसंही लागतात. जिमो बुराइमो दिव्यांचं काम बघायचा, इलेक्ट्रिशियन. मुराइना ओयेलामीने पेट्रोल पंपावर काम केलेलं. रूफस ओगुंडेले लाडिपोंचा भाचा. जेकब अफोलाबी नट. म्बारी म्बायोत 1962 पासून उन्हाळी चित्रशिबिरं सुरू झाली. पहिली गयानाच्या डेनिस विल्यम्स या चित्रकाराने घेतली. 1964 चं उली बायर यांच्या दुसऱ्या पत्नी जॉर्जिना बायर यांनी, हे सगळ्यात गाजलं. शिबिर म्हणजे काय, तर कागद, रंग, ब्रश, आणि ‘हे असं काढ’ असं सांगणारं कुणी नाही. प्रवेशाला दाखला लागत नव्हता. शाळा सुटलेली, कंपनीत काम करणारी, काहीच काम नसलेली पोरं आली.

त्याच वर्षी म्बारी म्बायोच्या एका नाचाच्या रात्री एक विशीतला मुलगा आला. गावोगाव फिरून औषधं विकणाऱ्या एकाच्या ताफ्यात तो नाचायचं काम करायचा, लोक जमवायला. कपडे विचित्र, नाच त्याहून विचित्र. नाव ताइवो ओलानियी, पण तो स्वतःला म्हणवायचा ‘ट्विन्स सेव्हन सेव्हन’. सांगायचा की आईला सात वेळा जुळी झाली आणि त्या सगळ्यांतला जगलेला मी एकटा. खरं किती, त्यालाच ठाऊक. बायरनी त्याला ठेवून घेतलं, नाचासाठी. शिबिरात त्याने पेन हातात घेतलं आणि कागदाचा एक इंच मोकळा सोडेना. भुतं, झाडं, मासे, माणसांच्या पोटातून उगवलेली माणसं, सगळ्यांच्या अंगावर ठिपके आणि रेघा. 2005 साली युनेस्कोने त्याला शांतिदूत कलावंत केलं. 2011 मध्ये तो गेला.

बुराइमोची गोष्ट मला जास्त आवडते. योरुबा राजांचे मुकुट मण्यांचे असतात, पुढे मण्यांची झालर, राजाचा चेहरा झाकणारी. मणी ही राजाची वस्तू. बुराइमोने ते मणी फळीवर चिकटवून चित्रं केली. दिव्याच्या वायरी जोडणाऱ्या माणसाने राजाच्या डोक्यावरची वस्तू उतरवून भिंतीवर आणली. आणि असिरू ओलाटुंडे हा लोहार. आजारपणामुळे घणाचं काम जमेना, तेव्हा तो पातळ पत्र्यावर ठोकून ठोकून चित्रं उठवू लागला. झाडाखाली भरलेला बाजार, राजाची मिरवणूक, मोशेची गोष्ट, कुराणातली गोष्ट, गिऱ्हाईक जे मागेल ते.

या सगळ्यावर टीका झाली, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. उत्तरेला झारियाच्या कलाशाळेत 1958 पासून विद्यार्थ्यांचा एक गट होता. उचे ओकेके, ब्रूस ओनोब्राकपेया, युसुफ ग्रिलो ही त्यातली नावं. युरोपचं शिकायचं, आपलंही घ्यायचं, दोन्हींतून डोळसपणे निवडायचं, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं असं की ओशोग्बोत गोऱ्यांनी आपल्याला हवे तसे भोळे आफ्रिकी चित्रकार घडवले. शिकवलं नाही, कारण शिकलेला आफ्रिकी त्यांना आवडत नव्हता. यात तथ्य आहे. चित्रं विकत घेणारे बहुतेक परदेशी होते आणि पुढे ओशोग्बोत नकलांचा कारखानाच सुरू झाला, हेही खरं. 1966 मध्ये देशात लष्करी उठाव झाले, बायर दांपत्य निघून गेलं, 1967 पासून यादवी. शिबिरं संपली. पण माणसं थांबली नाहीत. माझ्या लेखी टीकेला तेच उत्तर आहे. बाहेरचा निघून गेल्यावर काम बंद पडतं का, ही परीक्षा. ओशोग्बोत नाही पडलं.

नीके डेव्हिस-ओकुंडाये यांचंच बघा. मूळ ओगिदी गावच्या. कापड विणणं, रंगवणं घरातल्या बायकांकडून आलेलं. पुढे त्या ट्विन्स सेव्हन सेव्हनच्या अनेक बायकांपैकी एक झाल्या आणि त्या घरातून बाहेरही पडल्या. त्यांनी धरलं ते ‘अदिरे’ कापड. कसाव्याच्या पिठाची खळ शिजवायची, कोंबडीच्या पिसाने ती पांढऱ्या सुती कापडावर नक्षी काढत लावायची, वाळवायची, आणि कापड निळीच्या रांजणात बुडवायचं. काढून हवा द्यायची, पुन्हा बुडवायचं. हवा लागली की हिरवट कापड डोळ्यांदेखत निळं होतं. शेवटी खळ खरवडली की खालची रेघ फिकी राहते. रांजणातलं पाणी म्हणजे आंबवलेली निळीची पानं आणि राखेचं खारं पाणी. हे बायकांचं काम, आईकडून मुलीकडे जाणारं, आणि गिरणीच्या छापील कापडाने ते मोडीत निघालेलं. नीके यांनी 1980 च्या दशकात ओशोग्बोत केंद्र काढलं आणि फी न घेता शिकवायला सुरुवात केली. नवऱ्याने टाकलेल्या, शाळा सुटलेल्या मुली आल्या. तिथून निघताना त्यांच्या हाताला विकता येईल असं कसब असायचं. ‘महिला सक्षमीकरण’ हा आपल्याकडचा गुळगुळीत शब्द मी वापरत नाही. निळीने काळे झालेले हात आणि हातात पैसे, एवढं पुरे.

आता नदीकडे वळू.

ओशोग्बोची उत्पत्तिकथा निळीच्याच रांजणांची आहे. दुष्काळाने हैराण झालेले लोक, त्यांचा पुढारी लारोये आणि टिमेहिन नावाचा शिकारी, पाणी शोधत नदीकाठी आले. जागा साफ करताना एक झाड तोडलं, ते नदीत कोसळलं, आणि पाण्यातून आवाज आला : माझे रंगाचे सगळे रांजण फोडलेत की रे! ती ओशुन, नदीची देवी. मग करार झाला. तुम्ही थोडं वर सरकून गाव वसवा, हे रान माझं. इथे झाड तोडायचं नाही, शिकार नाही, मासे धरायचे नाहीत. बदल्यात मी तुम्हाला सांभाळीन. ओशोग्बोच्या राजाला ‘आताओजा’ म्हणतात, मासा हातावर झेलणारा. राजा बदलला की नवा राजाही त्या करारात आला.

ते रान आज सुमारे 75 हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबात 185 एकर. योरुबा गावांना पूर्वी अशी रानं असायची, बहुतेक गेली. हेही जाणार होतं. 1950 च्या दशकात लाकूडतोडे आत घुसले होते, जमिनीवर डोळा होता, आणि देवळांना वाळवी लागली होती. अक्षरशः. तेव्हा सुझान वेंगर यांना दुरुस्तीसाठी विचारणा झाली. ही ऑस्ट्रियातल्या ग्राझची चित्रकार, जन्म 1915, उली बायर यांची पहिली पत्नी. दोघं एकत्रच नायजेरियात आली. आल्यावर तिला क्षयाने गाठलं, त्यातून उठली ती एडे गावच्या एका पुजाऱ्याची शिष्या होऊनच. बायरपासून वेगळी झाली, 1959 मध्ये एका स्थानिक ढोलवादकाशी लग्न केलं आणि 2009 मध्ये वारली ती ओशोग्बोतच. लोक तिला अदुन्नी म्हणायचे.

एक गोरी बाई दुसऱ्याच्या धर्मात पुजारीण होते याबद्दल तुमच्या मनात प्रश्न असतील, माझ्याही आहेत. पण तिने दुरुस्तीला कुणाला घेतलं ते बघा. अडेबिसी अकांजी, गवंडी. घरांच्या कठड्याला सिमेंटचे नक्षीदार ठोकळे लावायची तिकडे पद्धत आहे, ते काम त्याला येत होतं. त्याच सिमेंटच्या कसबातून रानाची भिंत आणि फाटकं उभी राहिली. सोबत लाकूड कोरणारा कसाली अकांग्बे, दगडात काम करणारा बुराइमो ग्बादामोसी, आणखी सुतार, गवंडी. यांतली नावं वाचलीत तर कळेल की बरेच जण मुसलमान. ओशुनच्या रानात माती, सिमेंट, लोखंड, लाकूड वापरून उभ्या राहिलेल्या त्या प्रचंड आकृती कुणी केल्या, तर शुक्रवारी नमाजाला जाणाऱ्या गवंड्यांनीही. आणि जिथे आकृती उभी राहिली तिथे कुऱ्हाड चालवणं अवघड झालं. जमीन बळकावणारा नुसत्या झाडाला घाबरत नाही. 1965 मध्ये रानाच्या काही भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, 2005 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत ते आलं.

दर वर्षी ऑगस्टच्या सुमाराला बारा दिवसांचा उत्सव असतो. आधी शहरातला रस्ता विधिपूर्वक साफ करतात. मग एका रात्री सोळा वातींचा उंच दिवा लागतो, तो पहाटेपर्यंत विझू द्यायचा नाही, आणि राजा त्याच्याभोवती नाचतो. एके दिवशी आजवरच्या सगळ्या राजांचे मुकुट एकत्र मांडतात. शेवटच्या दिवशी राजघराण्यातली एक अविवाहित मुलगी, आरुग्बा, झाकलेला भोपळा डोक्यावर घेऊन राजवाड्यापासून रानातल्या नदीपर्यंत चालत जाते. भोपळ्यात सगळ्या शहराचा नैवेद्य. तिला ठेच लागता कामा नये. भोवती मोठं कडं. लोक आपापली गाऱ्हाणी तिच्या दिशेने ओरडून सांगतात, नोकरी, मूलबाळ, आजारपण. पुढे ढोल आहेतच.

या राजघराण्यात एकदा राजा होते सॅम्युएल अडेलेये अडेनले. रान वाचवायला ज्यांचं पाठबळ होतं ते हेच. 2010 पासून गादीवर आहेत ते जिमो ओलानिपेकुन. सॅम्युएल आणि जिमो, नावांवरूनच कळतं कोण कुठल्या घरातले, एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान. गावातले काही पाद्री आणि मौलवी उत्सवाविरुद्ध बोलतातही. राजा त्या दिवशी दगडाच्या आसनावर बसतो, लारोयेच्या जागी, आणि पुढचं सगळं करतो. करार त्याच्या घराण्याने केलेला आहे.

आणि गर्दीत पांढऱ्या कपड्यांतले ब्राझीलचे, क्यूबाचे, अमेरिकेचे लोक असतात. गुलाम म्हणून जहाजातून नेलेल्या योरुबांनी ओशुनला सोबत नेलं. ब्राझीलमध्ये ती ओशुम, क्यूबात ओचुन, तिथे ती एल कोब्रेच्या मेरीमातेच्या रूपात पुजली जाते. ही वाहतूक एकमार्गीही नव्हती. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलहून सुटून परतलेले लोक लागोसला उतरले, सोबत तिकडची बांधकामाची तऱ्हा घेऊन. सुझान वेंगर ज्या तीनमजली घरात राहिली ते त्याच ब्राझिली घाटाचं.

उत्सवात आता मोबाईल आणि शीतपेयांच्या कंपन्यांचे फलक लागतात. नाकं मुरडणारे मुरडतात. मला फलकांपेक्षा नदीची काळजी वाटते. वरच्या अंगाला सोन्याचं उत्खनन चालतं, त्यातलं बरचसं बेकायदा, आणि गेल्या काही वर्षांत ओशुनचं पाणी गढूळ, तपकिरी झालंय. मूल व्हावं म्हणून, बरं वाटावं म्हणून लोक हे पाणी पितात, बाटल्यांत भरून परदेशी नेतात. उत्सवाच्या वेळी राज्य सरकारला सांगावं लागलं, पाणी पिऊ नका. लारोयेच्या करारात झाडं होती, मासे होते, सोनं नव्हतं. रानाला भिंत घालता आली, तशी नदीच्या उगमापर्यंत घालता येत नाही. खाणीत राबणारी पोरंही तिथल्याच गावांतली.

दुसरा प्रश्न आकृतींचा. साठ वर्षांच्या पावसाने सिमेंटला भेगा पडल्या, मातीचे हात झडले, लाकूड वाळवीने खाल्लं. म्बारीची गोष्ट आठवा. एक मत असं की मोडू द्या, मातीची कला मोडायचीच असते, पुढची पिढी नवं काही करील. दुसरं मत युनेस्कोच्या यादीला शोभणारं, जसं होतं तसं जपा. मी दोन्हीकडचं ऐकलंय आणि माझा कल दुरुस्तीकडे आहे, पण एका अटीवर, ती म्हणजे दुरुस्ती कोण करतं. वेंगर यांच्या नावाने स्थापन झालेल्या ट्रस्टने गेल्या काही वर्षांत हे काम हाती घेतलं ते बाहेरून ठेकेदार आणून नाही. अकांजींसारखे मूळ कारागीर पुन्हा थापी घेऊन उभे राहिले आणि त्यांच्या हाताखाली नवी पोरं सिमेंट कालवायला लागली. मूळ आकृतीत नाक होतं कसं यावर त्यांचे मतभेद होतात, फोटो काढून बघतात, पुन्हा वाद घालतात. हे मला फोटोबरहुकूम केलेल्या नाकापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.